ईव्ही रस्त्यात बंद पडली तर फ्लॅटबेड बरा की डॉलीवाली टोइंग?

रोडसाइड असिस्टन्स घेताना 'टोइंग फ्री' एवढं वाचून पैसे भरू नका, नेमकी कुठली गाडी पाठवणार ते आधी विचारा. अख्खी गाडी पाठीवर घेणारा फ्लॅटबेड, नाहीतर पुढची चाकं उचलून मागच्या चाकांखाली डॉली, म्हणजे छोट्या चाकांची ट्रॉली, लावणारी व्हॅन. मी दोन्ही वापरून बघितलेत.

नुसती दोन चाकं उचलून नेणं सगळ्या ईव्हींना चालत नाही. निसान लीफसारखी फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल, म्हणजे मोटर फक्त पुढची चाकं फिरवत असेल, तर पुढची चाकं उचलून नेता येते, पण पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलला मोटर असेल तर विषयच संपला, कारण चाक फिरलं की मोटर फिरते आणि पर्मनंट मॅग्नेट मोटर गाडी बंद असली तरी वीज तयार करते, मग इन्व्हर्टरचं (बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या भागाचं) काय होईल सांगता येत नाही. म्हणून चारही चाकं जमिनीवरून वर हवीत.

आता डॉलीच्या बाजूने बोलायचं तर बेसमेंट पार्किंग. तिथे फ्लॅटबेड उंचीमुळे शिरतच नाही, डॉलीवाला बरेचदा शिरतो. दुसरं म्हणजे 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसली की स्क्रीन काळी, पार्किंग ब्रेक लागलेलाच आणि न्यूट्रल काही मिळत नाही, मोठ्या बॅटरीत भरपूर चार्ज असला तरी. डॉलीला त्याने फरक पडत नाही, जाम चाकच उचललं जातं. फ्लॅटबेडवाल्याने मात्र तशीच विंचने, म्हणजे केबल गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने, ओढली तर टायर घासत जातात आणि ड्राइव्हलाइनवर ताण येतो तो वेगळा, त्यामुळे त्याच्याकडे चाकाखाली घालायचे स्केट आहेत का हे फोनवरच विचारायचं. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवणारा टेस्लाचा ट्रान्सपोर्ट मोडसुद्धा 12 व्होल्ट जिवंत असेल तरच लागतो आणि तोही फक्त विंचने हळू चढवण्यापुरता, ताशी 8 किलोमीटरच्या आत.

एवढं असूनही माझा कल फ्लॅटबेडकडे गेला तो एका गोष्टीमुळे. डॉली लावायला माणसाला गाडीच्या दोन्ही बाजूंना खाली बसावं लागतं, म्हणजे एक बाजू वाहत्या ट्रॅफिककडे. बार घाल, चाक उचल, पिन लाव, पट्टा आवळ, आणि शेजारून ट्रक सुसाट जातायत. मी हॅझर्ड लावून लांब उभा होतो पण त्या माणसाकडे बघून माझाच जीव वर-खाली होत होता. शिवाय डॉलीची चाकं छोटी, वेग कमी ठेवावा लागतो, आणि तो मधेमधे थांबून पट्टे तपासत होता, ते बरोबरच होतं म्हणा. फ्लॅटबेडवर पट्टे बांधायला बाजूला जावं लागतंच, पण निदान माझ्या वेळी तरी काम फार पटकन उरकलं. पट्टे टायरवरूनच बांधायला सांगा, खाली बॅटरी आहे.

तुमची गाडी कायम बेसमेंटमध्येच असेल आणि हायवेवर क्वचित जात असाल तर डॉलीवाला प्लॅन कदाचित जास्त सोयीचा पडेल, मी नाही म्हणणार नाही. बाकीच्यांनी फ्लॅटबेड लेखी मागून घ्या. आणि गाडी ओढायला पुढे लावायचा टो हुक डिकीत ठेवू नका, 12 व्होल्ट गेली की बऱ्याच गाड्यांची डिकी बटणाने उघडत नाही, सीटखाली ठेवा.