नायट्रोजन हवा : नऊ महिने वापरल्यावर

हॅचबॅक गाडी, १८५/६५ आर १५ चे ट्यूबलेस टायर, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर दिलेला हवेचा दाब ३३ पीएसआय. उजव्या दोन चाकांत नायट्रोजन, डाव्या दोन चाकांत साधी हवा. दर पंधरा दिवसांनी सकाळी, गाडी हलवण्याआधी, एकाच डिजिटल गेजने मोजणी. साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला की टायर कमी उतरतो, असं पंपावर सांगतात. नऊ महिन्यांत नायट्रोजनची चाकं कमी उतरली हे खरं, पण फरक जेमतेम एका पीएसआयचा. ग्राहकांसाठी वस्तूंची चाचणी घेणाऱ्या अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने २००७ साली दिलेले आकडेही याच्याशी जुळतात. ३१ प्रकारचे टायर ३० पीएसआयला भरून त्यांनी वर्षभर बाहेर ठेवले होते. साधी हवा सरासरी ३.५ पीएसआय उतरली, नायट्रोजन २.२.

मुळात साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. रबरातून ऑक्सिजन थोडा लवकर झिरपतो, एवढाच काय तो फरक. व्हॉल्व्हची पिन गळत असेल, रिमच्या कडेला गंज असेल किंवा खिळा रुतला असेल, तर आत कुठलाही वायू असो, तो जाणारच. आठवड्यात दोन-तीन पीएसआय उतरत असेल तर आधी साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा.

"नायट्रोजन गरम होऊन फुगत नाही" हे पंपावर हमखास ऐकायला मिळतं, आणि ते साफ चूक आहे. २५ अंशांना ३३ भरलेला टायर हायवेवर ५५ अंशांपर्यंत तापला की प्रेशर ३८ च्या आसपास जातं, दोन्ही वायूंत सारखंच. फरक पडतो तो पाण्याने. कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडून पाणी काढलेलं नसेल, तर पावसाळ्यात ते हवेबरोबर टायरमध्ये जातं. चमचाभर पाणी आत असलं तरी ६० अंशांना त्याची वाफ दोन-अडीच पीएसआय वाढवते, शिवाय लोखंडी रिमला आतून गंज धरतो. नायट्रोजन कोरडा असतो, आणि त्याचा हा गुण खरा आहे. पण टाकी वेळच्या वेळी रिकामी करणाऱ्या पंपावरची साधी हवाही पुरेशी कोरडी मिळते.

आता भरण्याची पद्धत. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. सगळी हवा सोडली तरी बाहेरच्या दाबाइतकी, म्हणजे १४.७ पीएसआयची हवा टायरात उरतेच. त्यावर अगदी शुद्ध नायट्रोजन ३३ पर्यंत भरला तरी साडेसहा टक्के ऑक्सिजन राहतो. पुन्हा सोडून भरलं की तो दोन टक्क्यांवर येतो. म्हणून चाक जॅकवर उचलून, पिन काढून, दोनदा रिकामं करून भरायला हवं. एका चाकाला सहज पाच-सात मिनिटं लागतात. पंपावर मात्र बऱ्याचदा आहे त्या हवेवरच पाइप लावतात. २८ चं ३३ केलं तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून जेमतेम १९ वर येतो, नायट्रोजनची खूण म्हणून व्हॉल्व्हवर लावलेली हिरवी कॅप तेवढी नवी दिसते. असं भरून घेण्याला काहीच अर्थ नाही.

मायलेजचं म्हणाल तर ते प्रेशरवर ठरतं, वायूवर नाही. चारही चाकांत एक पीएसआय कमी असेल तर इंधन साधारण ०.२ टक्का जास्त जातं. विमानांच्या टायरातही नायट्रोजनच भरतात, हा दाखला गाड्यांना लागू पडत नाही. तिथे तापलेल्या ब्रेकमुळे टायरच्या आतच पेट घेण्याचा धोका असतो, म्हणून ऑक्सिजन पाच टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आहे.

पहिल्या भरणीला चाकामागे ५० रुपये आणि नंतर दर वेळी दहा-वीस देण्यापेक्षा चांगला गेज घेणं कधीही बरं. नवे टायर घेताना नायट्रोजन फुकट मिळाला तर जरूर घ्या. स्टेपनीत आणि महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत तो थोडा उपयोगी पडतो. बाकी हिरव्या कॅपच्या भरवशावर हवा तपासणं सोडलं, तर तो सरळसरळ धोका आहे.

प्रवासात नायट्रोजन मिळाला नाही म्हणून २६ वर गाडी दामटू नका, साधी हवा भरा. ३० चं ३३ केलं तर ऑक्सिजन टक्का-सव्वा टक्काच वाढतो, टायरला काही होत नाही. आणि तापलेल्या टायरात ३७-३८ दिसलं तर हवा सोडू नका. सोडून ३३ केलं, तर सकाळी थंड झाल्यावर तोच टायर २८ वर आलेला असेल.