आजीचं बायबल परत शिवून आणलं, नवी पेठेतल्या बाइंडिंगवाल्या चाचांचा अनुभव (५ पैकी ५)

सोलापुरात जुनं पुस्तक नीट शिवून देणारं कोण आहे का म्हणून दोन महिने विचारत होतो, सगळीकडं गम लावून वर रेक्झिन चढवतो एवढंच उत्तर, शेवटी चर्चमधल्या एका काकूंनी नवी पेठेतल्या गल्लीतले हे चाचा सांगितले. बोर्ड नाही, झेरॉक्सवाल्याला विचारा.

चाचांनी पहिलंच विचारलं, "वाचायचंय का कपाटात ठेवायचंय?" ठेवायचं असंल तर पेटी करून देतो, त्याला काही होणार नाही. वाचायचं असंल तर सगळे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सोडवून परत दोऱ्यानं शिवावं लागंल, एखादं पान फाटंल पण. मी वाचायचंय म्हणलो. मग कडा कटिंग मारू का, सरळ दिसतील, तर त्याला मात्र नको म्हणलो, कारण कडेलाच आजीनं पेन्सिलीनं लिहिलंय.

बायबलातल्या दानीएलच्या पुस्तकात ३ऱ्या अध्यायाशेजारी लिहिलंय "न सोडवलं तरी". आजोबा गिरणीत टाइमकीपर होते, मस्टरवर खोटी हजेरी लावायला नाही म्हणाले, नोकरी गेली, क्वार्टर गेलं, पाच माणसं एका खोलीत. देवानं नंतर दुप्पट दिलं असं आजी कधीच म्हणाली नाही, कारण दिलं नव्हतं. त्या अध्यायात राजाच्या मूर्तीपुढं वाकत नाहीत म्हणून ज्यांना भट्टीत टाकतात ते शद्रख, मेशख, अबेद्नगो पण राजाला आम्ही आगीतून वाचणारच असं म्हणत नाहीत की ओ, देव सोडवायला समर्थ आहे आणि नाही सोडवलं तरी मूर्तीपुढं वाकणार नाही, असं म्हणतात. आजकाल चर्चमधल्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, संरक्षण आणि भरभराट एवढंच ऐकू येतं, हे "तरी" कुणी घेतच नाही, मला फार वाईट वाटतं त्याचं. बायबलातल्या लोटानं, अब्राहामाच्या पुतण्यानं, भरभराट बघूनच हिरवं खोरं निवडलं आणि तंबू हलवत हलवत सदोमापर्यंत, त्या पापी शहरापर्यंत गेला. उलट ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचं काम आणि पगार १९१७ ला सोडला, पन्नाशी उलटलेली, साताऱ्यात देवाचा दरबार ही ख्रिस्तभक्तांची मंडळी काढली आणि १९१९ ला गेले. त्यांची भजनं आपण रविवारी फॅनखाली बसून म्हणतो.

मार्चमध्ये मी पण न झालेल्या कामाच्या बिलावर सही केली नाही, आता रोज अक्कलकोट अप-डाउन आहे, बायको काही बोलत नाही पण पोरीचा क्लास बंद करावा लागला, ते लागतं मनाला. म्हणून हे बायबल आत्ताच हवं होतं.

कामाचं बोलायचं तर शिलाई एक नंबर, एकही पान फाटलं नाही, फाटकी दोन आतून पातळ कागद लावून सांधलीत. ४५० रुपये घेतले. आठ दिवस सांगून बारा लावले, रेक्झिनमध्ये काळा आणि मरून दोनच रंग. आणि एसटीत मांडीवर ठेवलं तरी दानीएलचं पान आता आपोआप मिटत नाही.