डोंबिवली पूर्व की खारघरचे आतले सेक्टर: भाड्याचा वन बीएचके कुठे घ्यावा?

ऑफिस मुंबईत फोर्टात, घरात दोघं आणि भाड्यासाठी फार तर पंधरा-सोळा हजार. एवढ्यात वन बीएचके शोधायला लागलं की दोन नावं हमखास पुढे येतात: डोंबिवली पूर्वेच्या जुन्या सोसायट्या आणि खारघरचे तिशीच्या पुढचे सेक्टर. खारघरला मी एक करार संपेपर्यंत राहिलो, सध्या डोंबिवलीत आहे. डिपॉझिट, दलाली, अकरा महिन्यांचा करार यांत दोन्हीकडे फारसा फरक नाही, त्यात शिरत नाही.

नुसतं घर पाहाल तर खारघर सरळ सरळ वरचढ. लिफ्ट, रुंद रस्ते, पावसाळ्यात खिडकीतून हिरवागार डोंगर, फिरायला सेंट्रल पार्क. आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, बाइक लावायला जागा नाही, जुलैत न्हाणीघरालगतच्या भिंतीला ओल येते आणि पाणी ठरल्या वेळेलाच येतं. पाहुणे आले की बायको अजून त्यांना खारघरच्या गॅलरीतले फोटो दाखवते.

लोकलचं म्हणाल तर उन्नीस-बीस. खारघरच्या हार्बर लाइनला फास्ट गाडी नाही, सगळी स्टेशनं घेत सव्वा तास धरा. पण पनवेल लोकल सीएसएमटीहूनच सुटते, त्यामुळे संध्याकाळी बसायला मिळतं. डोंबिवलीची फास्ट थोडी लवकर पोचवते, पण उभ्याने. त्यातून कर्जत किंवा कसारा फास्टमध्ये डोंबिवलीकर चढला की आणखी पुढे जाणारी बदलापूर-टिटवाळ्याची मंडळी त्याच्याकडे कशी बघतात, ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

माझं घोडं अडलं ते गाडीतून उतरल्यावर. खारघर स्टेशन एका टोकाला, हायवेजवळ. आणि आपल्याला परवडणारी घरं पार दुसऱ्या टोकाला. बाहेर आलात की रिक्षावाले ‘उत्सव चौक, उत्सव चौक’ ओरडत असतात. सेक्टर चौतीस म्हटलं की तुमच्या मागच्या माणसाकडे बघायला लागतात. मीटरचं नाव काढायचं नाही. स्पेशल करा, नाहीतर एनएमएमटीच्या बसच्या रांगेत उभे राहा. सव्वा तास बसून आलेला माणूस त्या रांगेत पुरता पिचतो. महिन्याचा रिक्षाखर्च जोडला की भाड्यात वाचलेले पैसेही गेले.

मेट्रो आहे की, असं कुणी म्हणेल. बेलापूर ते पेंधर मार्ग नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि आतल्या सेक्टरांची मोठी सोय झाली, हे मान्य. पण ती खारघर रेल्वे स्टेशनला शिवतच नाही. एक स्टेशन आधी, बेलापूरला उतरायचं आणि तिथून मेट्रो धरायची. शिवाय मेट्रोच्या स्टेशनपासून बिल्डिंगपर्यंत चालणं आलंच.

हे घर बघताना का कळत नाही? कारण एजंट स्कूटर घेऊन स्टेशनवर हजर असतो. रविवारी दुपारी, मोकळ्या रस्त्याने, मागे बसवून पाच-दहा मिनिटांत दारात. तेव्हा खारघरचं घर बघायचंच असेल तर कामाच्या दिवशी ऑफिस सुटल्यावर जा आणि एजंटाला म्हणावं, थेट बिल्डिंगखालीच भेटू.

डोंबिवलीत मी स्टेशनवरून चालत घरी जातो. फडके रोडवर गर्दीत धक्के खावे लागतात, पण वाटेतच दूध, भाजी, इस्त्रीचे कपडे उरकतात. मला वाटतं, लिफ्ट नसल्याची भरपाई तिथेच होते. अर्थात हे स्टेशनपासून चालत जाण्याच्या टप्प्यात घर मिळालं तरच. मानपाडा रोडला फार आत गेलात की इथेही शेअर रिक्षाची रांग आहेच.

जुनी बिल्डिंग घेताना महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी जरूर बघा. नवी आणि तरीही स्वस्त असेल तर जास्तच चौकशी करा. महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी खोट्या कागदपत्रांवर मिळवलेल्या इथल्या ६५ इमारती पाडायचा आदेश उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिलाय.

ऑफिस बेलापूरला असेल किंवा घरात स्वतःची दुचाकी असेल, तर माझं ऐकू नका, खारघर घ्या. फोर्टात जाणाऱ्याने मात्र आधी डोंबिवलीतल्या रामनगर, टिळकनगरात चौकशी करावी. तिथली बरीच घरं एजंटापर्यंत पोचायच्या आधीच वॉचमन नाहीतर वाण्याच्या ओळखीने जातात.