समावेशक वर्गाची कार्यशाळा : फितींचा खेळ घ्यावा, पावलांचा टाळावा

नागपूरच्या धंतोलीतील एका सभागृहात झालेली ‘समावेशक वर्ग’ ही शिक्षकांसाठीची दोन दिवसांची कार्यशाळा मी खिशातले १,८०० रुपये भरून केली. आयोजक संस्था बाहेरगावची होती. तिचे नाव देत नाही, कारण माझी मुख्य तक्रार एका सत्राबद्दल आहे, संस्थेच्या हेतूबद्दल नाही. मी उत्तर नागपुरातील एका अनुदानित शाळेत आठवी-नववीला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवतो.

पैसे वसूल झाले ते पहिल्याच दिवशी, राजकीय प्रतिनिधित्वाच्या सत्रात. आम्हा ४० जणांपैकी ३२ जणांच्या मनगटाला पिवळी आणि आठ जणांच्या मनगटाला जांभळी फीत बांधली गेली. (निळा रंग टाळला होता, नागपुरात ते शहाणपणाचेच.) सकाळपासून फितीप्रमाणे बसवल्यामुळे ओळखीही आपापल्या रंगातच झाल्या होत्या. मग प्रत्येकाला पाच मते देऊन पाच प्रतिनिधी निवडायला सांगितले, तेव्हा पाचही पिवळे आले. दुसऱ्या फेरीत एक जागा जांभळ्यांसाठी राखीव, पण मतदान सर्वांचे. निवडून आले ते पिवळ्यांशी जमवून घेणारे एक गृहस्थ. तिसऱ्या फेरीत त्या जागेसाठी फक्त जांभळ्यांनी मत दिले आणि सकाळपासून अडचणीचे प्रश्न विचारणाऱ्या एक बाई निवडून आल्या.

एवढे झाल्यावरच गांधी-आंबेडकरांमधला १९३२चा पुणे करार फळ्यावर आला. ब्रिटिश सरकारच्या जातीय निवाड्याने दलितांना दिलेले स्वतंत्र मतदारसंघ (जिथे मत फक्त दलितांचे) सोडून संयुक्त मतदारसंघांतील १४८ राखीव जागा स्वीकारताना काय मिळाले आणि काय सुटले, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो, परंतु मनगटावर फीत असताना ते जितके कळले तितके पूर्वी कधी कळले नव्हते. आमचा उत्तर नागपूर आणि जिल्ह्यातलाच उमरेड हे विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत, पण तिथे मत सगळ्यांचेच असते. म्हणजे आपण आजही दुसऱ्या फेरीतच आहोत.

वर्गातील भाषेवरचे छोटे सत्रही उपयोगी होते. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांवर आलेल्या मुलांना शिक्षकांच्या खोलीत सर्रास ‘आरटीईवाले’ म्हटले जाते, आणि मी स्वतः कागद तपासण्यासाठी ‘शिष्यवृत्तीवाले उभे राहा’ असे भर वर्गात म्हणत आलो आहे. आता एकेकाला कार्यालयात बोलावतो. वेळ थोडा जास्त जातो, इतकेच.

वंशभेदाचे सत्र मात्र निव्वळ परकी चित्रफीत ठरले. अमेरिकेतील शाळांमधले विभाजन घटनाबाह्य ठरवणारा १९५४चा निकाल आला, १९६५चा मताधिकार कायदा आला, पण ते इथे कोणाला लागू पडते, हे कोणी बोललेच नाही. आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात वंश आणि जात हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. १९७२मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथर संघटनेने नावच अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथरवरून घेतले होते. आणि ईशान्य भारतातून शिकायला आलेल्या मुलांना आपल्याच रस्त्यांवर ‘चिनी’ म्हणून हाक मारली जाते, त्याचे काय? दीक्षाभूमीपासून इतक्या जवळ बसून हे धागे जोडता येऊ नयेत, हे खटकले.

दुसऱ्या दिवशीचा ‘पाऊल पुढे, पाऊल मागे’ हा खेळ त्याहून वाईट. सर्वांनी एका रेषेत उभे राहायचे. आजी-आजोबा शिकलेले असतील तर पुढे, आडनाव सांगायला कधी संकोच वाटला असेल तर मागे. दहा-बारा प्रश्नांत ग्रामीण शाळेतील एक शिक्षिका मागच्या भिंतीला टेकल्या आणि पुढे उभे असलेले आम्ही मान वळवून त्यांच्याकडे बघत राहिलो. जे सांगायचे की नाही हे त्यांनी ठरवायचे होते, ते सभागृहाने त्यांच्याकडून वदवून घेतले. जेवणानंतर त्या परतल्या नाहीत. चौदा वर्षांच्या मुलाला असे भिंतीशी उभे केले तर तो दुसऱ्या दिवशी शाळेत येईल का, हे मी संयोजकांना विचारले. उत्तरादाखल अभिप्रायाचा अर्ज हाती आला, त्यात पाच तारे रंगवण्यापलीकडे लिहायला जागा नव्हती.

जेवण साधे पण चांगले होते, वेळ पाळली गेली. संस्थेची २५० रुपयांची पुस्तिका मी घेतली, पण तिच्यात फितींचा खेळ केवळ अर्ध्या पानात उरकला आहे. तो करायला ना पुस्तिका लागते ना प्रशिक्षक. दोन रंगांच्या फिती इतवारीच्या बाजारात कुठेही मिळतात.