फिंगोलिमॉड की माइटोझँट्रोन: हृदयाला धोका कुठे?

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूच्या एका आजाराच्या) या दोन्ही औषधांत हृदय जपावं लागतं, पण कारणं अगदी वेगळी. फिंगोलिमॉडची पहिली गोळी घेतली की नाडी मंदावते, म्हणून आधी ईसीजी आणि नंतर 6 तास दर तासाला नाडी-रक्तदाब तपासतात. गेल्या 6 महिन्यांत हृदयविकाराचा झटका आलेल्यांना ते देत नाहीत.

माइटोझँट्रोनचं नुकसान मात्र साचत जातं. आयुष्यभरातल्या एकूण डोसाची मर्यादा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 140 मिलिग्रॅम. प्रत्येक डोसाआधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, औषध थांबल्यावरही दरवर्षी. हृदय कमजोर व्हायला कधीकधी काही वर्षं जातात, मला जास्त भीती वाटते ती याचीच. फिंगोलिमॉडचा हा धोका बहुधा पहिल्याच दिवशी, डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर दिसतो.