जुन्या ट्रकमधील ४एल६०ई गिअरबॉक्स आणि त्याचा संगणक: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

टेक्सासमधील माझ्या १९७२ च्या शेवरले सी-१० पिकअपमध्ये मी २००१ च्या सिल्व्हराडोचे ५.३ लिटरचे इंजिन आणि त्याच गाडीचा ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. काम जड होते, पण सरळ होते. अडले ते गिअरबॉक्सला आज्ञा कोणी द्यायची या प्रश्नावर. आधीच्या पिढीतील ७००आर४ मध्ये थ्रॉटलला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) जोडलेली एक केबल तेलाचा दाब ठरवण्यास पुरत असे. ४एल६०ई मध्ये गिअर बदलणारे दोन सोलेनॉइड (विजेने उघडबंद होणाऱ्या झडपा) आणि दाब सांभाळणारा आणखी एक, हे सगळे विजेवर चालतात. वीजच मिळाली नाही, तर गाडी पूर्ण दाबाने तिसऱ्या गिअरमध्ये अडकून राहते.

पर्याय तीन होते: केवळ गिअरबॉक्ससाठी मिळणारा स्वतंत्र नियंत्रक, इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही चालवणारा होली टर्मिनेटर एक्स मॅक्ससारखा बाजारातील संच, किंवा सिल्व्हराडोचा मूळ संगणक. कोणत्या वेगाला गिअर बदलायचा, हे तिघेही सारख्याच सहजतेने ठरवू शकतात. मला महत्त्वाचा वाटला तो तेलाचा दाब. इंजिनाच्या जोरापेक्षा दाब कमी पडला तर क्लच घसरून जळतात आणि जास्त झाला तर प्रत्येक गिअर धक्क्याने पडतो. स्वतंत्र नियंत्रक हा जोर बहुधा थ्रॉटल किती उघडला आहे त्यावरून ताडतो. मूळ संगणक मात्र इंजिनात जाणारी हवा स्वतः मोजत असतो, आणि गिअर बदलताना ठिणगी क्षणभर उशिरा देऊन जोर कमीही करतो. या गिअरबॉक्सचा पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.०६ आणि दुसऱ्याचे १.६३ असल्यामुळे मधली उडी मोठी आहे, म्हणून ही सोय मला शोभेची वाटली नाही. मी मूळ संगणक ठेवला, त्यातील चोरीप्रतिबंधक कुलूप काढले आणि मागच्या ॲक्सलचे ३.७३ हे गुणोत्तर व २८ इंची टायर यांची नोंद करून घेतली. ही नोंद चुकली की केवळ वेगदर्शकच नव्हे, गिअर बदलण्याच्या वेळाही चुकतात.

पहिले काही आठवडे गिअर थोडे आळसावलेले वाटले. संगणक प्रत्येक बदलाला लागणारा वेळ मोजून दाबात हळूहळू सुधारणा करत असतो. त्याला तेवढी मुदत न देता सेटिंगमध्ये हात घालण्याचा मोह मी कसाबसा आवरला, आणि ते बरेच झाले.

एक चूक मात्र सर्वस्वी माझी होती. टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलाद्वारे गिअरबॉक्सला देणारा भाग) एका वेगानंतर इंजिनाशी घट्ट जोडला जातो, त्याला लॉकअप म्हणतात; ते सोडण्यासाठी संगणकाला ब्रेकची खबर लागते, आणि त्या तारेत पेडल मोकळे असताना बारा व्होल्ट असावे लागतात व पेडल दाबताच ते जावे लागतात. जुन्या ट्रकचा ब्रेक-दिव्याचा स्विच नेमका उलटा चालतो. मी आळसाने ती तार कायमच्या बारा व्होल्टला जोडून टाकली होती. परिणामी अचानक ब्रेक दाबला की इंजिन गुदमरल्यासारखे थरथरे. स्विचचा संकेत उलटा करणारा पाच पायांचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावल्यावर तो त्रास पूर्ण थांबला.

आता महामार्गावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन मिनिटाला सुमारे २,२०० फेऱ्यांवर शांत असते. तिसऱ्या गिअरमध्ये तोच आकडा ३,१०० च्या वर जातो.

पाचव्या महिन्यात, भर उन्हाळ्यात, गिअर एकाएकी कठोरपणे पडू लागले. स्कॅनर लावताच पी१८७० हा कोड दिसला: कन्व्हर्टरच्या झडपेचे भोक झिजले होते, लॉकअप घसरत होते आणि संगणकाने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी दाब कमाल केला होता. भंगारातून आणलेल्या गिअरबॉक्सकडून ही झीज अपेक्षितच होती; दुरुस्तीला व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधील झडपांचा ठोकळा) उतरवावी लागली, तरी क्लच शाबूत राहिले.

इंजिनावर कार्ब्युरेटरच ठेवायचा असेल, तर हवा मोजणारे कोणीच उरत नाही आणि स्वतंत्र नियंत्रकच घ्यावा. लॅपटॉपवर दाबाचे तक्ते स्वतः आखण्याची हौस असेल, तर बाजारातील एकत्रित संच अधिक मोकळीक देतो. मूळ संगणकात किरकोळ बदलालाही वेगळे सॉफ्टवेअर आणि त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो, हा खर्च मी सुरुवातीला धरलाच नव्हता. स्टिअरिंगखालच्या लिव्हरची पट्टी मात्र अजून १९७२ चीच आहे आणि तिच्यावर पुढचे तीनच गिअर लिहिलेले आहेत, त्यामुळे ट्रक चालवायला घेणाऱ्या प्रत्येकाला चौथा कुठे आहे हे मला तोंडी सांगावे लागते.