घरच्या कामाला घरगुती चेनसॉ की व्यावसायिक: महूजवळच्या मळ्यावरील तीन वर्षांचा अनुभव

इंदूरच्या टिळकनगरात राहणाऱ्या माणसाला चेनसॉ कशाला हवी, असे आमच्या वहिनींनी यंत्र घरात आले त्याच दिवशी विचारले होते, आणि प्रश्न रास्त होता. अंगणात एक कडुनिंब आणि एक म्हातारा आंबा, एवढीच काय ती झाडे. परंतु महूच्या पुढे आमचा लहानसा मळा आहे, त्याच्या बांधावर बाभळी आणि निलगिरी आहेत, आणि पावसाळ्याच्या तोंडावर वळवाच्या वादळात दर वर्षी एखादे झाड कुंपणावर किंवा विहिरीच्या वाटेवर आडवे होते. कुऱ्हाडवाला माणूस मिळेपर्यंत आठवडा जातो आणि तोवर मोटरीपर्यंत पोहोचायचे म्हणजे काट्यांतून वाट काढावी लागते. म्हणून तीन वर्षांपूर्वी मी 30 सीसीची, घरगुती वर्गातली पेट्रोल चेनसॉ घेतली. देवासला असलेल्या माझ्या मामेभावाकडे 50 सीसीची व्यावसायिक चेनसॉ आहे. गेल्या हिवाळ्यात ती पंधरा दिवस माझ्याकडे होती, आणि दोन्ही यंत्रे एकाच लाकडावर चालवून पाहण्याची संधी मिळाली. कोणाची जाहिरात किंवा बदनामी करायची नसल्यामुळे आमच्या दोन्ही यंत्रांची नावे देत नाही. वर्गांतला फरक कळावा म्हणून मात्र एकाच कंपनीच्या प्रसिद्ध मॉडेलांचे आकडे पुढे दिले आहेत.

स्टिल (Stihl) या कंपनीची एमएस 170 हे घरगुती वर्गाचे ठळक उदाहरण आहे: 30.1 सीसी, शक्ती सव्वा किलोवॅटच्या आसपास आणि वजन, पाती (जिच्या कडेने साखळी फिरते ती लांब पट्टी) व साखळी सोडून, सुमारे 4 किलो. त्याच कंपनीची एमएस 261 ही व्यावसायिक वर्गातली: 50.2 सीसी, 3 किलोवॅट, वजन 4.9 किलो. म्हणजे किलोभर वजन जास्त उचलले की शक्ती दुपटीहून अधिक मिळते. व्यावसायिक यंत्राची किंमत मोजणारा माणूस खरे म्हणजे या गुणोत्तराची किंमत मोजत असतो. या दोहोंच्या मध्ये शेतकऱ्यासाठी म्हणून विकला जाणारा एक वर्ग असतो. त्यातली एमएस 250 ही 45.4 सीसी, 2.3 किलोवॅट आणि 4.6 किलोची आहे. दुकानात या मधल्या वर्गाविषयी कोणी आपण होऊन सांगत नाही. ग्राहक एक तर स्वस्त मागतो किंवा सर्वांत दणकट मागतो, आणि विक्रेताही त्याच दोन टोकांवर बोलत राहतो.

आतल्या रचनेतला फरक वरून दिसत नाही. घरगुती यंत्रात सिलिंडर आणि खालचा भाग शिंपल्याच्या दोन झाकणांसारखे एकमेकांना जोडलेले असतात, आणि ते सगळे इंजिन प्लास्टिकच्या कवचात बसवलेले असते. व्यावसायिक यंत्रात मॅग्नेशियमचा क्रँककेस, म्हणजे इंजिनाचे खालचे कवच, उभा दुभागलेला असतो आणि सगळे भाग त्याच्यावर कसलेले असतात, त्यामुळे पिस्टन किंवा रिंग बदलायची झाल्यास सिलिंडर तेवढा काढला की काम होते. घरगुती यंत्रात त्याच कामासाठी इंजिन कवचातून बाहेर काढावे लागते आणि मजुरीचा हिशेब पाहून मेकॅनिक म्हणतो, नवीनच घ्या. याशिवाय व्यावसायिक यंत्रात हादरे अडवायला रबराऐवजी स्प्रिंगा असतात, हवेचा फिल्टर मोठा असतो आणि पातीला किती तेल सोडायचे ते कमीजास्त करता येते. बऱ्याच मॉडेलांत तर पातीचे नट झाकणालाच अडकून राहतात, खाली पडत नाहीत. ही शेवटची सोय क्षुल्लक वाटते. निलगिरीच्या पाचोळ्यात गुडघ्यांवर बसून संध्याकाळच्या उजेडात अर्धा तास एक नट शोधल्यावर ती क्षुल्लक वाटत नाही.

आता टिकाऊपणाकडे वळतो, कारण व्यावसायिक यंत्राच्या बाजूने सर्वांत जोरात मांडला जाणारा मुद्दा तोच असतो. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या नियमांत हातात धरून चालवायच्या इंजिनांसाठी 50, 125 आणि 300 तास अशा तीन पायऱ्या आहेत. इंजिनाचा धूर निदान किती तासांपर्यंत ठरलेल्या मर्यादेत राहील, एवढेच त्या सांगतात. तेवढ्या तासांनी इंजिन मोडीत निघते असा त्यांचा अर्थ नाही. तरीही हलका, मध्यम आणि सततचा वापर यांत उत्पादक केवढे अंतर धरून चालतात, याची कल्पना त्यावरून येते. मी वहीत नोंद ठेवतो, आणि माझे यंत्र वर्षाला दहा-बारा तासांपेक्षा जास्त कधी चाललेले नाही. लाकडाच्या ठेकेदाराकडे तेवढे तास दोन दिवसांत भरतात. या गतीने घरगुती यंत्र झिजवायलाच मला कित्येक वर्षे लागतील.

तरीसुद्धा माझे यंत्र दुसऱ्याच वर्षी बंद पडले, आणि त्यात दोष माझा होता. पावसाळ्यात टाकीत अर्धे पेट्रोल ठेवून मी ते माळ्यावर टाकून दिले होते. दिवाळीनंतर काढले तेव्हा दोरी ओढून खांदा दुखला, इंजिनाने एक खोकलाही दिला नाही. मेकॅनिकने कार्बोरेटर उघडला, तर आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, कडक झालेला आणि जाळीवर चिकट थर बसलेला. आपल्याकडे पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, आणि बऱ्याच चेनसॉ उत्पादकांच्या माहितीपुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतचीच मुभा असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, साठवलेल्या पेट्रोलमध्ये पाणी वेगळे होऊन तळाशी बसू शकते, आणि रबरी भाग त्याने खराब होतात. बाजारातल्या चर्चेत मला न भेटलेली गोष्ट हीच आहे: घरचे यंत्र चालण्याने जितके बिघडते त्याहून कितीतरी जास्त ते पडून राहण्याने बिघडते. व्यावसायिक यंत्राची जास्तीची किंमत आपण चालण्याच्या तासांसाठी मोजतो, आणि आठ महिने माळ्यावर पडलेल्या कार्बोरेटरला मॅग्नेशियमच्या क्रँककेसचा काडीचा उपयोग नसतो. लाखाचे यंत्र असो की दहा हजारांचे, डायफ्राम रबराचाच.

तेव्हापासून मी त्या दिवशी लागेल तेवढेच मिश्रण करतो. माझ्या यंत्राला 50 भाग पेट्रोलला 1 भाग टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल लागते, म्हणजे लिटरला 20 मिली, आणि ते औषधाच्या मोजपात्राने मोजतो. दुकानदाराने सांगितलेली ‘एक झाकण तेल’ ही रीत सोडून दिली, कारण झाकणे बाटलीगणिक वेगळी असतात. काही तेलांना 25 ला 1 हे प्रमाण लागते, तेव्हा लिटरला 40 मिली पडतात. म्हणून आधी तेलाच्या डब्यावरचे आणि मग यंत्राच्या पुस्तिकेतले वाचून घ्यावे. काम संपले की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. यानंतरच्या दोन्ही हंगामांत ते तिसऱ्या-चौथ्या ओढीला सुरू झाले आहे.

लाकडावरची तुलना मात्र एकतर्फी झाली. वादळात पडलेल्या निलगिरीचा ओंडका साधारण 30 सेंटिमीटर जाडीचा होता. त्याचे तुकडे करताना माझ्या यंत्राला मामेभावाच्या यंत्रापेक्षा अडीच-तीन पट वेळ लागला, आणि तरीही दुपारपर्यंत काम उरकले, तक्रारीला जागा नव्हती. वाळलेल्या बाभळीवर गोष्ट वेगळी झाली. 30 सीसीचे यंत्र लाकडात अडकू लागले, जोर दिला की साखळीचा वेग पडू लागला, आणि तासाभराने बोटांत मुंग्या आल्या. व्यावसायिक यंत्र त्याच बाभळीतून स्वतःच्या वजनावर उतरत होते. हाताने फक्त दिशा द्यायची. दुसऱ्या दिवशी कोपर दुखले नाही, यातही बरेच काही आले. ज्यांच्याकडे वर्षभराच्या सरपणासाठी बाभूळ तोडली जाते, त्यांनी 30 सीसीत पैसे घालू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यांनाही मधला वर्ग पुरतो.

माझ्या विक्रेत्याने त्या 30 सीसीच्या इंजिनावर 18 इंचांची पाती चढवून दिली होती आणि वर ती भेट असल्यासारखी सांगितली होती. मी ती वर्षभराने काढून 14 इंचांची लावली, तेव्हा यंत्र बदलल्यासारखे वाटले. लांब पाती म्हणजे लांब साखळी, तिला ओढायला जास्त ताकद आणि भिजवायला जास्त तेल. लहान इंजिनाकडे दोन्ही बेताचे असते. जाड ओंडका दोन्ही बाजूंनी कापता येतो, त्यासाठी लांब पाती लावण्याची गरज नाही.

धारेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बोथट साखळी लावलेले व्यावसायिक यंत्र धारदार साखळीच्या घरगुती यंत्रापुढे हरते, हे मी स्वतः पाहिले आहे. पाती लाकडातून बाहेर येताना ढलप्या उडाल्या पाहिजेत; पिठासारखा भुसा पडू लागला की कानस काढावी. लहान यंत्रावरच्या तीन-अष्टमांश इंच मापाच्या बुटक्या साखळीला 4 मिलिमीटरची गोल कानस लागते, .325 इंच मापाच्या साखळीला 4.8 मिलिमीटरची, आणि एकीची दुसरीला चालत नाही. प्रत्येक दाताला आतून बाहेर, सारख्याच दोन-तीन ओढी द्याव्यात, आणि चार-पाच वेळा धार लावून झाली की दातापुढचा आडवा उंचवटाही बेताने घासावा, नाहीतर दात धारदार असूनही लाकूड पकडत नाही. आमच्या माळव्यात आणखी एक शत्रू आहे: काळी माती. पडलेल्या झाडाच्या खालच्या सालीत ती वाळून बसलेली असते, तिच्यातून साखळी एकदा गेली की धार गेली. मी आता कापायच्या जागेवरची साल कोयत्याने आधी सोलून घेतो, आणि ओंडक्याखाली फळी सरकवतो.

इंदूरच्या सियागंज बाजारात ‘58 सीसी’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेली बिननावाची यंत्रे ब्रँडेड घरगुती यंत्राच्या अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात, आणि ‘भिया, पेड़ क्या पहाड़ काट दो’ असा भरवसाही सोबत मिळतो. मी आधी तसे एक घेतले होते. त्याला ताकद होती, हे नाकारत नाही, आणि सुटे भाग गल्लीच्या कोपऱ्यावर मिळतात, हा त्याचा खरा फायदा आहे. पण पातीचे तेल उभे ठेवले तरी गळत असे आणि साखळीचा ब्रेक एके दिवशी पुढे ढकलूनही लागला नाही. त्या दिवशीच ते बंद करून ठेवले. कोणतेही यंत्र घेताना दुकानातच ते सुरू करायला लावावे, ब्रेक लावून साखळी खरोखर थांबते का ते पाहावे, आणि इंजिन मंद चालू असताना साखळी स्थिर राहते याची खात्री करावी.

ज्यांना फक्त शहरातल्या अंगणाची छाटणी करायची आहे, त्यांनी पेट्रोलचा विचार सोडून द्यावा. वायरवर चालणारी 2000 वॅटची चेनसॉ 230 व्होल्टवर जेमतेम 9 अँपिअर घेते, तिला कार्बोरेटर नाही आणि ती वर्षभर पडून राहिली तरी रुसत नाही. फक्त लांब आणि बारीक एक्स्टेन्शन वायर वापरू नये, व्होल्टेज पडून मोटर तापते. आमच्या मळ्यावर विजेचा भरवसा नसल्याने हा मार्ग मला नव्हता. बॅटरीची यंत्रे फांद्यांसाठी उत्तम आणि आवाजाला सौम्य आहेत, पण दुसऱ्या बॅटरीची किंमत हिशेबात धरूनच तुलना करावी. शहराच्या हद्दीत झाड तोडायचे असेल तर मध्य प्रदेशात 2001 च्या नगरीय वृक्ष परिरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, हेही यंत्र घेण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

धोक्याच्या बाबतीत दोन्ही वर्ग सारखे नाहीत. पातीच्या टोकाचा वरचा चतकोर भाग लाकडाला टेकला की पाती उलटी उसळून चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. घरगुती यंत्रांसोबत सहसा ही उसळी कमी करणारी साखळी येते, व्यावसायिक यंत्रांवर अनेकदा आक्रमक साखळी असते, आणि तिला चूक माफ नसते. सवय नसलेल्या हाताला जास्त ताकदीचे यंत्र देऊ नये, हे कारण मला किमतीपेक्षाही मोठे वाटते. शिडीवर उभे राहून किंवा खांद्याच्या वर धरून तर कोणतीच चेनसॉ चालवू नये. कडुनिंबाच्या उंच फांद्यांसाठी मी आजही दोरावर चढणारा माणूसच बोलावतो.

मला मिळालेल्या भावांत व्यावसायिक यंत्र घरगुतीच्या जवळजवळ तिप्पट होते. वाचलेल्या पैशांतून मी दोन जादा साखळ्या, मार्गदर्शक पट्टीसह कानस, जाळीचे हेल्मेट, कानांवरचे मफ आणि मांडीवर बांधायचे संरक्षक कापड घेतले. हे कापड साखळी लागताच धागे सोडून तिला जाम करते. सियागंजातल्या चार दुकानांत विचारले तर चौघांनीही प्लास्टिकचा रेनकोट दाखवला, तेव्हा ते बाहेरून मागवावे लागले आणि यायला तीन आठवडे लागले. पुढच्या वर्षी बांधावरच्या सहा सुकलेल्या बाभळी काढायच्या आहेत. त्या आठवड्यासाठी मामेभावाचे यंत्र पुन्हा मागून आणीन, त्याची साखळी मी धार लावून परत करायची या अटीवर.